मोटारीची ठिणगी : इग्निशन कॉइलमधील दोषांची पारख आणि दुरुस्ती

राजापूर तालुका सह्याद्रीच्या पायथ्यापासून अरबी समुद्रापर्यंत पसरलेला आहे. पूर्वेस पाचलवरून अणुस्कुरा घाटाकडे जाणारा रस्ता, पश्चिमेस जैतापूर-नाटे परिसरातील खाडीकाठची गावे आणि मधून जाणारा मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग अशी या तालुक्याच्या दळणवळणाची सर्वसाधारण रचना आहे. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, परंतु राजापूर रोड हे स्थानक शहरापासून बऱ्याच अंतरावर आहे. डोंगरउतारावरील वाड्यांचा व्यवहार साहजिकच रस्त्यावर आणि रस्त्यावरून धावणाऱ्या लहान वाहनांवर अवलंबून राहतो. आजारी माणसाला ग्रामीण रुग्णालयात न्यावयाचे असो, विद्यार्थ्यांना परीक्षा केंद्रावर पोचवावयाचे असो, वाडीतील एखादी मोटार किंवा रिक्षाच प्रथम उपयोगी पडते. अशा वेळी वाहन भर पावसात घाटात बंद पडले, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

पेट्रोलवर चालणारे वाहन अडखळू लागले की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे 'कॉइल गेली'. कित्येकदा ते खरे असते. कित्येकदा मात्र कॉइल शाबूत असते आणि दोष ओल्या झालेल्या जोडणीत, झिजलेल्या प्लगमध्ये किंवा अशक्त बॅटरीत असतो. नवी कॉइल बसविली जाते, वाहन दोन दिवस बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! पैसे जातात आणि वाहनावरील विश्वासही जातो. कॉइल बदलण्यापूर्वी ती खरोखर बिघडली आहे हे सिद्ध करणे शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारा तपासणीचा क्रम सामान्य वाहनधारकालाही समजण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात तोच क्रम मांडला आहे.

ठिणगी कशी तयार होते?

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या टोकाशी पडणाऱ्या ठिणगीने ते पेट घेते. ही ठिणगी पाडण्यासाठी साधारणपणे दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब लागतो. मोटारीची बॅटरी तर केवळ १२ व्होल्टची असते. हे अंतर भरून काढणारे साधन म्हणजे इग्निशन कॉइल होय.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. प्राथमिक गुंडाळी जाड तारेची व काहीशे वेढ्यांची असते. दुय्यम गुंडाळी केसासारख्या बारीक तारेची असून तिचे वेढे हजारोंच्या संख्येत, म्हणजे प्राथमिकच्या सुमारे शंभरपट असतात. प्राथमिक गुंडाळीतून प्रवाह वाहू लागला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हा प्रवाह एकाएकी तोडला की ते क्षेत्र क्षणार्धात कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत प्रचंड विद्युतदाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. आपल्या शाळांतून दहावीच्या विज्ञानात ते शिकविले जाते.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्यातील थोड्या जरी चुकल्या, तरी इंजिन थरथरते. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात.

एकाच तत्त्वाच्या तीन पिढ्या

वाहनाची तपासणी करण्यापूर्वी त्यात कोणत्या प्रकारची कॉइल आहे हे जाणून घ्यावयास हवे. पहिली पिढी म्हणजे तेलाने भरलेल्या डब्याच्या आकाराची कॉइल. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि जुनी अँबॅसडर या गाड्यांत हीच पद्धत होती. एकच कॉइल, प्रवाह तोडणारे पॉइंट, त्यांना जोडलेला कंडेन्सर आणि क्रमाक्रमाने प्रत्येक प्लगला दाब पोचविणारा डिस्ट्रिब्यूटर अशी तिची रचना असे. डिस्ट्रिब्यूटरला गॅरेजमध्ये 'डेल्को' म्हणतात. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांतून ही पद्धत अद्याप पाहावयास मिळते.

दुसऱ्या पिढीत पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली. डिस्ट्रिब्यूटरही गेला, आणि दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल आली. अशा गाडीत एक कॉइल बंद पडली की दोन सिलिंडर एकदम निकामी होतात. तिसऱ्या पिढीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. प्रदूषणविषयक मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली, त्या ओघात ही तिसरी पद्धत सर्वत्र रुळली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते; त्यात स्पार्क प्लग नसतो आणि इग्निशन कॉइलही नसते. म्हणून डिझेलवर चालणाऱ्या जीपच्या दुरुस्तीच्या देयकात इग्निशन कॉइलची रक्कम आढळल्यास ती मंजूर करण्यापूर्वी विचारणा करणे योग्य ठरेल. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी व रिक्षा यांना कॉइल असतेच. किंबहुना या वायूचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागत असल्याने त्यांच्या कॉइलवर व प्लगवर जास्त ताण पडतो.

कोकणातील हवामान आणि कॉइल

कॉइल बिघडण्याची कारणे सर्वत्र सारखीच आहेत. उष्णता, हादरे आणि काळाच्या ओघात विरत जाणारे विद्युतरोधक आवरण ही त्यांतील प्रमुख होत. कोकणात त्यांना आणखी काहींची जोड मिळते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतील ओलावा प्लगच्या खोबणीत शिरतो आणि ठिणगी प्लगच्या टोकाशी पडण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून इंजिनच्या लोखंडाकडे पळते. खाडीकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात आसऱ्यासाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरी कुरतडतात, हाही अनुभव सार्वत्रिक आहे.

घाटरस्त्याचा परिणाम मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते आणि त्याचा दाब वाढतो. दाब जितका जास्त, तितका ठिणगी पडण्यास अधिक विद्युतदाब लागतो. म्हणून दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग सपाटीवर तग धरतो आणि ओणीहून अणुस्कुऱ्याकडे चढताना उघडा पडतो. 'गाडी गावात ठीक चालते, घाटात दम टाकते' ही तक्रार म्हणूनच मिस्त्रीला आवर्जून सांगावी. निदानाचा तो पहिला धागा आहे.

लक्षणे

पुढील लक्षणांवरून ठिणगीच्या मार्गात दोष असल्याचा संशय घ्यावा. इंजिन उभ्या जागी थरथरणे, चढावर झटके खाणे, धुराड्यातून न जळलेल्या पेट्रोलचा वास येणे, दमट सकाळी गाडी सुरू न होणे आणि दुपारी विनातक्रार सुरू होणे. गाडी तापल्यावर बंद पडणे व अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर, पुन्हा सुरू होणे हे तर कॉइलच्या दोषाचे जुने व ठळक लक्षण आहे. उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या तारेतील बारीक भेग उघडते आणि थंड होताच पुन्हा मिटते, असा त्याचा अर्थ असू शकतो.

चालती गाडी दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, तर दोष बहुधा विजेचा असतो. आचके देत, मंदावत बंद पडली, तर बहुधा इंधनाचा. हा नियम अचूक नव्हे, पण दिशा दाखविण्यास पुरेसा आहे.

नव्या गाड्यांत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर लवकर तपासणी करून घ्यावी. तो उघडझाप करीत असेल तर गाडी हळू करून सुरक्षित जागी थांबवावी. ठिणगी चुकलेल्या सिलिंडरातील कच्चे पेट्रोल धुराड्याच्या मार्गातील उत्प्रेरक यंत्रात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची आतील जाळी वितळू शकते. कॉइलपेक्षा हा भाग कित्येक पटींनी महाग असतो.

तपासणीपूर्वीची दक्षता

कॉइलचा विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो. इंजिन फिरत असताना प्लगची वायर किंवा कॉइल हाताने उपटून पाहण्याची जुनी सवय सर्वथैव सोडून द्यावी. त्यात झटका बसतोच. शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल व नियंत्रक संगणक दोन्ही जळू शकतात. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. चावी काढून, इंजिन थंड झाल्यावरच भाग सोडवावेत आणि सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडून पाहू नये.

तपासणीचा क्रम

फुकट होणारी तपासणी आधी आणि खर्चाची नंतर, हे सूत्र येथे पाळावे.

१. बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.५ व्होल्ट भरतो. स्टार्टर फिरत असताना तो साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला, तर कॉइलला दोष देण्याआधी बॅटरी व तिची टोके दुरुस्त करावीत.

२. डोळ्यांनी निरीक्षण करावे. कॉइलच्या कवचाला तडा आहे काय, रबरी टोपीवर केसासारखी काळी रेघ उमटली आहे काय, जोडणीच्या टोकांवर हिरवा थर आहे काय, प्लगच्या खोबणीत पाणी अथवा तेल साचले आहे काय, हे पाहावे. काळी रेघ म्हणजे ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण. खोबणीत तेल आढळल्यास वरच्या झाकणाचे पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकणार नाही.

३. संगणकाचा संकेतांक वाचावा. अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा टोकांची जोडणी असते. तेथे वाचकयंत्र लावले की दोषाचा संकेतांक मिळतो. पी ०३०१ ते पी ०३०४ हे संकेतांक अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरात ज्वलन चुकत असल्याचे सांगतात. पी ०३५१ ते पी ०३५४ हे त्या त्या कॉइलच्या विद्युतमंडलातील बिघाड दाखवितात. संकेतांक हे रोगाचे ठिकाण असते, कारण नव्हे. पी ०३०२ आला म्हणून दुसरी कॉइल फेकून देणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे होय.

४. अदलाबदल करावी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर ही सर्वांत खात्रीची आणि बिनखर्चाची कसोटी आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरवरील कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्यावरील दुसऱ्यावर बसवावी, संकेतांक पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी ०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच बिघडलेली. पी ०३०२ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष समजावी. मग याच रीतीने प्लगची अदलाबदल करावी. तरीही दोष जागचा हलला नाही, तर त्या सिलिंडरची वायर, इंजेक्टर आणि सिलिंडरचा दाब तपासावा.

५. मल्टिमीटरने रोध मोजावा. पॉइंटच्या जुन्या गाड्यांतील कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध सुमारे ३ ओहम, आणि बाहेर वेगळा रोधक जोडलेला असल्यास सुमारे दीड ओहम भरतो. दुय्यम गुंडाळीचा रोध बहुधा ६ ते १५ हजार ओहमच्या दरम्यान असतो. नेमके आकडे त्या गाडीच्या पुस्तिकेतील धरावेत. आकडा अमर्याद आला तर तार तुटलेली, फारच कमी आला तर वेढे एकमेकांस चिकटलेले. तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची कॉइल तापलेली असतानाच मोजावी. थंड कॉइल बिघाड लपविते. तीन किंवा चार टोकांच्या नव्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग अंतर्भूत असल्याने ही कसोटी तिला लागू पडत नाही. तेथे चावी फिरविल्यावर जोडणीत १२ व्होल्ट येतात की नाहीत आणि अर्थिंग पक्के आहे की नाही, एवढे पाहावे.

६. ठिणगी पाहावी. त्यासाठी मिळणारे साधे तपासणी-साधनच वापरावे. ठिणगी निळसर, चटचट आवाज करणारी असेल तर कॉइल सशक्त. पिवळट, क्षीण असेल तर दुर्बल. पॉइंटच्या गाडीत क्षीण ठिणगीचे कारण कॉइलऐवजी जळलेले पॉइंट किंवा निकामी कंडेन्सर असू शकतो.

दुरुस्ती कशाला म्हणावे?

कॉइल ही आतून सीलबंद असते. पूर्वी ती तेलाने भरलेली असे, आता राळेने भरलेली असते. तुटलेली बारीक तार उलगडून पुन्हा गुंडाळणे व्यवहार्य नसते. तेव्हा आतून बिघडलेली कॉइल बदलावीच लागते. पण ठिणगीच्या मार्गातील इतर पुष्कळसे दोष खरोखर दुरुस्त करता येतात. ओलावा कोरड्या फडक्याने व हवेच्या झोताने घालवावा. हिरवा थर संपर्क साफ करणाऱ्या द्रवाने काढावा. फाटलेली रबरी टोपी पुष्कळ गाड्यांत सुटी मिळते. कुरतडलेली वायर डाग देऊन जोडावी व आवरणाने झाकावी. रबरी टोपीच्या आतून विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीस पातळ लावल्यास पावसाळ्यात ओलावा शिरत नाही.

कॉइल बदलावयाची झाल्यास तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, भाग-क्रमांक जुन्याशी जुळला पाहिजे. वेगळ्या रोधकासह वापरावयाची कॉइल रोधकाविना जोडली तर ती लवकरच जळते. दुसरी, प्लगची स्थिती. प्लगच्या टोकांमधील फट झिजेने रुंदावली की कॉइलला प्रत्येक ठिणगीसाठी अधिक श्रम पडतात. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसविणे म्हणजे नव्या बैलाला मोडक्या गाड्यास जुंपणे. प्लगची फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. तिसरी, चाचणी. दुरुस्तीनंतर गाडी उभ्या जागी चालवून समाधान मानू नये. तिला एखाद्या चढावर, माणसे बसवून चालवून पाहावे, कारण दोष उघड होतो तो तेथेच.

पुरात बुडालेले वाहन

अर्जुना व कोदवली या नद्यांचे पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरणे ही जुनी आपत्ती आहे. जिल्ह्यातील चिपळूण शहराने २२ जुलै २०२१ रोजी महापुराचा तडाखा अनुभवला आणि त्यात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनाची चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास इंजिनच मोडू शकते आणि ओल्या जोडण्यांतून वीज खेळल्यास नियंत्रक संगणक जळतो. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. वाहन विम्याखाली असल्यास छायाचित्रे काढून विमा कंपनीस कळवावे. त्यानंतर जाणकाराकडून प्लग व कॉइल काढून घ्याव्यात, चिखल स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावा आणि सर्व जोडण्या पूर्ण वाळवून मगच तपासणीचा वरील क्रम आरंभावा. पुरातून वाचलेली कॉइल काही आठवड्यांनी दगा देऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

आपण काय करू शकतो?

निदानाचे निम्मे काम गॅरेजबाहेर होते. वाहन केव्हा अडखळले, तापल्यावर की थंड असताना, पावसात की उन्हात, चढावर की सपाटीवर, या चार गोष्टी चालकाने नोंदवहीत लिहून ठेवल्या, तर मिस्त्रीचे तर्क आणि मालकाचे पैसे दोन्ही वाचतात. कार्यालयीन वाहनांच्या नोंदवहीत याकरिता एक रकाना सहज राखता येईल. दुरुस्तीच्या वेळी कोणती कसोटी केली व तिचा निष्कर्ष काय निघाला हे विचारावे, देयक लेखी घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते. त्यासाठी हे लेखी देयकच उपयोगी पडते. होतकरू मिस्त्री या विचारणेने रागावत नाही. त्याच्या कौशल्याची ती कदर असते.

शिक्षकांनी गॅरेजमधून निकामी कॉइल मागून आणावी. बॅटरीला न जोडता, केवळ मल्टिमीटरने तिच्या दोन्ही गुंडाळ्यांचे रोध मुलांना मोजावयास द्यावेत. जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे असंख्य वेढे यांतील फरक आकड्यांत दिसला की फॅरडेचा नियम पाठ करावा लागत नाही. याच मुलांपैकी काही उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्तीचा अभ्यासक्रम घेतील. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील रिक्षा व मोटारचालकांना एकत्र करून एखाद्या अनुभवी मिस्त्रीकडून ही तपासणी प्रात्यक्षिकासह दाखविली, तर त्याला खर्च जवळजवळ नाहीच. मृग नक्षत्राच्या आधी जशी घरे शाकारतात, कौले परततात, तशीच वाहनाच्या प्लगची, जोडण्यांची व कॉइलची देखभाल व्हावयास हवी. मध्यरात्री वाडीतून रुग्णाला घेऊन निघालेली गाडी चढावर थांबणार नाही, याची तजवीज उन्हाळ्यातच करावी लागते.